"पण तो असा नव्हताच!": सुपरहिरो मालिकांतली पात्रं बदलली तेव्हाचे तुमचे अनुभव

मोगरा

परवा रात्री भाची जेवली नाही. बारावीची परीक्षा संपल्यापासून बाईसाहेबांनी 'डेअरडेव्हिल'च्या जुन्या तिन्ही सीझनचा फडशा पाडला आणि मग 2025चा 'बॉर्न अगेन' लावला. पहिला भाग सुरू होऊन जरा वेळ झाला नाही तोच फॉगी नेल्सन, म्हणजे डेअरडेव्हिल मॅटचा जिवलग मित्र, गेला. बारच्या बाहेर गोळी लागते, मॅट वर गच्चीवर मारामारी करत असतो आणि तिथूनच त्याला मित्राचे ठोके मंदावत मंदावत थांबलेले ऐकू येतात. पोरीने लॅपटॉप मिटला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आई म्हणाली, "कोण गेलं?" म्हटलं, फॉगी. "वय काय होतं?"

आईला काय सांगणार. पण मला एकदम 2016 आठवलं. आमचं इंजिनिअरिंगचं हॉस्टेल, आणि 'ॲरो'. तिकडे बुधवारी रात्री लागायचा, गुरुवारी संध्याकाळपर्यंत कुणीतरी पेनड्राइव्हवर आणायचं आणि तो पेनड्राइव्ह मजल्यामजल्यावर फिरायचा. मेसमध्ये सरळ दोन टेबलं झाली होती. एक ऑलिव्हर (म्हणजे ॲरो, मालिकेचा नायक) आणि फेलिसिटीवाल्यांचं, एक लॉरेलवाल्यांचं. फेलिसिटी पहिल्या सीझनमध्ये कंपनीच्या आयटी विभागातली एका भागापुरती आलेली मुलगी, ती लोकांना इतकी आवडली की पुढच्या सीझनला कायमची झाली. आणि लॉरेल, जी कॉमिक्सप्रमाणे ब्लॅक कॅनरी ही सुपरहिरोईन होणार हे सगळ्यांना ठाऊक, ती मागे पडत गेली.

लॉरेलचं काय झालं बघा. पहिल्या सीझनमध्ये गरिबांचे खटले लढणारी वकील. टॉमी गेल्यावर दारू आणि गोळ्यांच्या नादी लागली, तेव्हा अख्खं इंटरनेट तिच्यावर तुटून पडलं. काय रडते, काय किरकिर करते. मग बहीण गेली, हिने बहिणीचं जॅकेट चढवलं, बॉक्सिंग शिकायला गेली, मार खाल्ला. तेव्हा हसले. चौथ्या सीझनपर्यंत ती खरोखर चांगली कॅनरी झाली. वडिलांशी पटायला लागलं, पथकात सगळ्यांना सांभाळून घ्यायला लागली. आणि मग मारली. खलनायकाने, तेही ऑलिव्हरच्याच बाणाने. ऑपरेशन होते, शुद्धीवर येते, ऑलिव्हरशी चार गोड शब्द बोलते आणि जाते. वेळ रात्रीचे 11:59, भागाचं नावही तेच.

वर कळलं की सीझनच्या सुरुवातीला जी कबर दाखवली होती ती कोणाची हे तेव्हा लिहिणाऱ्यांनीच ठरवलेलं नव्हतं! आधी खड्डा खणला, मग माणूस शोधला. माझी रूममेट त्या रात्री दीडपर्यंत कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होती आणि दुसऱ्या दिवशी फेलिसिटीवाल्या टेबलावरची एक मुलगी तिच्यासाठी आपणहून चहा घेऊन आली. युद्धबंदीच म्हणा.

मला तेव्हापासून असं वाटतं की पात्र बदललं म्हणून कोणी चिडत नाही. ते बदलत असताना आपण इतकी वर्षं सोबत बसलेलो असतो, आणि मग कोणीतरी फटकन हिशेब मिटवून टाकतं, त्याचा राग येतो.

तर लिहा. कुठलंही पात्र, कुठलीही मालिका, आपलीही चालेल. स्पॉयलर येणारच, नको असतील त्यांनी इथूनच मागे फिरावं.

रात्रपाळी

मागे फिरावं हे फॉगी गेल्याचं सांगून झाल्यावर लिहिलंय. धन्य.

मोगरा

अर्र. सॉरी हो रात्रपाळी. पण येऊन इतके दिवस झाले की.

रात्रपाळी

माझा दुसरा सीझन चालू होता ताई. जुन्यातला. असो, आता वाचतोच सगळं. लाज गेली तर गेली.

गोदाकाठ

आमच्याकडे एकच सुपरहिरो, शक्तिमान. 1997 ला सुरू झाला तेव्हा मी तिसरीत. गाव परभणीच्या अलीकडं, लाईट कधी असायची कधी नसायची, आणि रविवारी दुपारी हमखास नसायची. मग ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची, काका वायरीला चिमटे लावायचे, आणि अख्खी गल्ली आमच्या ओसरीवर. चित्र बॅटरी उतरेल तसं आत आत आकसत जायचं. शेवटच्या दहा मिनिटात शक्तिमान पोस्टाच्या तिकिटाएवढा.

आता मुद्द्याचं. गीता विश्वास, त्यातली पत्रकार, बदलली. आधी किटू गिडवाणी होती, मग वैष्णवी महंत आली. आम्ही पोरं खवळलो, ही गीता नाहीच, खोटी आहे, किलविषनं पाठवली असंल! एकजण तर तीन-चार रविवार वाट बघत होता की आता ही मुखवटा काढंल म्हणून. आजी शांतपणे म्हणली, "आरं लगीन झालं आसंल तिचं. बायांचं तोंड बदलतंय लग्नानंतर."

आजीला शक्तिमानपेक्षा गंगाधर, म्हणजे त्याचंच साधं रूप, लई आवडायचा. दात पुढं, चष्मा, सगळे टिंगल करणार. "ह्यो खरा गुणाचा," म्हणायची. शक्तिमान उडायला लागला की उठून दळण बघायला जायची. आज विचार करतो तर गंगाधर कधी सुधारलाच नाही, पाच पैशाची प्रगती नाही त्याच्यात, आणि आजीला तेच पाहिजे होतं.

तिखटमीठ

आजीला दंडवत __/\__

बोरीबंदर

पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. एका दमात. शाळेत पैज लागायची यावर. पाढे येत नव्हते पण हे यायचं.

कट्ट्यावरचा

गोदाकाठ, ट्रॅक्टरची बॅटरी काढल्यावर ट्रॅक्टर कसा चालू करायचे सोमवारी? का ढकलत?

गोदाकाठ

ढकलत. आम्हालाच लावायचे ढकलायला. शक्तिमान बघितलाय ना, लावा ताकद.

सांजवेळ

मुलीचा डबा भरतेय, घाईत लिहिते. टेरा. 'टीन टायटन्स', कार्टून नेटवर्क. ज्यांनी बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

ज्यांनी नाही त्यांच्यासाठी, टेरा जमीन हलवू शकणारी मुलगी, टायटन्समध्ये येते, बीस्ट बॉयशी छान जमतं, आणि ती आधीपासून स्लेडला, म्हणजे खलनायकाला, सामील असते. शेवटी ज्वालामुखी थांबवताना दगड होऊन जाते. तिच्या पुतळ्यापाशी पाटी, टेरा, टीन टायटन, खरी मैत्रीण. मी सातवीत होते, ढसाढसा रडले, आई म्हणाली कार्टून बंद.

पण खरा घाव शेवटच्या भागात. पुतळा गायब. एका शाळेत अगदी तिच्यासारखी मुलगी, आणि ती म्हणते मी तुला ओळखत नाही. बीस्ट बॉय तिला सगळीकडे घेऊन जातो, आठवतंय का, हे आठवतंय का, आणि तिला फक्त उद्याची परीक्षा दिसतेय. मालिका तिथेच संपली! तीच होती का? विसरली होती का नाटक करत होती? लोक अजून भांडतात. माझा भाऊ म्हणायचा खोटं बोलते, तिला परत ते आयुष्य नको होतं. मला तेव्हा त्याचा इतका राग आला की मी त्याची कंपासपेटी लपवली. आता मला वाटतं त्याचंच बरोबर आहे. बस आली, जाते.

मोगरा

सांजवेळ, तो भाग मी पुन्हा कधी लावायचं धाडस केलं नाही. मला वाटायचं भारतात पुढचे भाग दाखवले नाहीत, कुठेतरी असतील.

खट्याळ_काळू

भाऊ मी पण हेच समजत होतो!! कितीतरी वर्षं!! चॅनेलवाल्यांनी ढापले म्हणून शिव्या घालत होतो

अर्धीभाकर

आमचं लग्न ग्रँट वॉर्डमुळे मोडता मोडता राहिलं.

'एजंट्स ऑफ शील्ड', 2014. साखरपुडा झालेला, ती नाशिकला, मी हैदराबादला, एकाच वेळी प्ले दाबायचं आणि फोन कानाला. वॉर्ड म्हणजे पथकातला देखणा, गंभीर, मारामारीत पुढे. सतराव्या भागात बाईसाहेब हँडला गोळ्या घालतो आणि कळतं की हा हायड्राचा, म्हणजे शत्रूच्या संघटनेचा. फोनवर दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, "ब्रेनवॉश केलं असेल."

पुढे त्याने फिट्झ आणि सिमन्सला बंद पेटीत समुद्रात सोडलं, फिट्झच्या मेंदूला इजा झाली, तरी हिचं तेच. लहानपण वाईट गेलं रे त्याचं. भाऊ छळायचा. आणि ती एकटी नव्हती, जगभर 'स्टँड विथ वॉर्ड' म्हणत लाखाची पलटण उभी होती! मी म्हटलं, उद्या मी कोणाला समुद्रात टाकलं तर? म्हणे, "तुझं लहानपण चांगलं गेलंय, तुला सवलत नाही."

2017 मध्ये चौथ्या सीझनला ती संगणकातली खोटी दुनिया आली, जिथे वॉर्ड चांगला आणि आपला गरीब फिट्झ हायड्राचा क्रूर डॉक्टर. तोवर लग्न झालं होतं, एकाच सोफ्यावर होतो. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. अजूनही भांडण हरायला आलं की "वॉर्ड" एवढंच म्हणते.

तिखटमीठ

वहिनींना धाग्यावर आणा. बाजू ऐकायची आहे.

अर्धीभाकर

वाचतेय ती शेजारी बसून. म्हणते "माझ्या बाजूची अख्खी वेबसाईट भरेल."

बोरीबंदर

'द फ्लॅश'बद्दल कोणी कसं लिहिलं नाही? 2014 ते 2023, नऊ सीझन, आणि बॅरी ॲलन दर सीझनला तेच शिकतो की भूतकाळात धावत जायचं नाही आणि घरच्यांपासून काही लपवायचं नाही. शिकतो, रडतो, मिठ्या मारतो. पुढच्या सीझनला परत धावला.

दुसऱ्या सीझनच्या शेवटी आईला वाचवायला गेला तेव्हा मी त्याच्या बाजूने होतो. कोण नसेल? पण परत आला तर त्याच्या मित्राचा, सिस्कोचा, भाऊ मेलेला आणि दुसऱ्या मित्राच्या, डिगलच्या, मुलीच्या जागी मुलगा झालेला! अहो बाप आहे तो, त्याला आठवतच नाही की मुलगी होती. आमच्या ऑफिसातला एक तेव्हा नवा बाबा झाला होता. तो जेवणाच्या सुट्टीत फार शांतपणे म्हणाला, "मी बॅरीला आता कधीच माफ करू शकत नाही." आणि खरंच सोडली मालिका त्याने.

तिसऱ्या सीझनचा खलनायक कोण तर बॅरीच. हे मात्र चोख. एवढा घोळ घातल्यावर दुसरा कोण असणार.

खट्याळ_काळू

आणि आयरिस, बॅरीची बायको. वुई आर द फ्लॅश. हाहाहाहा. धावतो कोण, घाम कोणाला, आणि वुई

निळीशाई

काळू, त्या वाक्यावर मीही हसले होते. वाक्य भिकारच होतं. पण आयरिसच्या वाट्याला जे आलं ते वाक्यामुळे नव्हतं. आयरिस साकारणाऱ्या कँडिस पॅटनला पहिल्या दिवसापासून वर्णावरून जे ऐकून घ्यावं लागलं, आणि त्या काळात पाठीशी कोणी उभं राहिलं नाही, हे तिनेच नंतर सांगितलंय. कॉमिक्समधली आयरिस गोरी, म्हणून ही "खरी" नाही. मग पत्रकार म्हणून वाढली तर "फुटेज खाते" आणि नाही वाढली तर "काही कामाची नाही".

लॉरेलचंही तेच, फेलिसिटीचंही तेच. पुरुष पात्र चुकलं की त्याचा प्रवास, बाई चुकली की तिला काढा. मी अशा चर्चांमध्ये बरीच वर्षं वाचत असते, हा नमुना पाठ झालाय.

खट्याळ_काळू

ताई ते वर्णाचं मला माहीत नव्हतं. वाक्यावर हसणार पण.

निळीशाई

वाक्यावर खुशाल हस :)

पेन्शनर

वाचून करमणूक झाली. एक शंका. ही सगळी मंडळी खोटी आहेत हे माहीत असताना एवढा त्रागा कशासाठी? आमच्या वेळी असलं नव्हतं.

कट्ट्यावरचा

काका, तुमच्या वेळी रामायण लागलं की टीव्हीला हार घालत होते.

पेन्शनर

तो भाग निराळा.

तिखटमीठ

काका, आणि रोज रात्री आठला काकूंसोबत कोणती मालिका बघता ते लिहा आधी. त्यात सून दरीत पडते आणि दुसरा चेहरा घेऊन परत येते ना?

पेन्शनर

ती दरीत पडली नव्हती, तिला ढकलले होते. जावेने.

बोरीबंदर

काका एक नंबर!

मी_अनामिका

या धाग्यावर जरा वेगळं लिहितेय, चालेल ना.

'वांडाव्हिजन' 2021 च्या जानेवारी ते मार्च, दर शुक्रवारी. माझा नवरा आदल्या सप्टेंबरमध्ये गेला. कोविड. मालिका मुलाने लावली, जुन्या काळची विनोदी मालिका आहे म्हणाला, आई हसशील. पहिले दोन भाग खरंच हसलो. मग हळूहळू कळत गेलं की ती नवरा गेलेली बाई आहे आणि तिने एक अख्खं गाव धरून ठेवलंय, त्यातल्या माणसांना बाहुल्यांसारखं वागवतेय, कारण तिला तिचं घर पाहिजे.

आठव्या भागात ती रिकाम्या प्लॉटवर जाते. व्हिजनने घेतलेली जागा, कागदावर लिहिलेलं असतं की इथे म्हातारे होऊया. आमचा प्लॉट आहे चाकणजवळ. कुंपण घातलेला. मी अजून तिकडे गेले नाही.

मुलगा म्हणाला, ती चुकतेय आई, ती लोकांना छळतेय. शेवटी गावातले लोक सांगतात ना, झोपलो तरी तुझीच वाईट स्वप्नं पडतात. नेटवरही तेच भांडण, गुन्हेगार का बिचारी. मला कोणत्याच बाजूने बोलता येईना. ती चुकत होती. आणि मला गाव सोडावंसं वाटत नव्हतं.

शेवटी ती सोडते, स्वतःहून, मुलांना झोपवून, नवऱ्याचा निरोप घेऊन. मला फार बरं वाटलं ते. आणि पुढच्याच वर्षी सिनेमात तिला सरळ खलनायिका करून टाकलं, जणू तिने काही सोडलंच नव्हतं. थिएटरमध्ये बसून मला इतका संताप आला की मी मध्यंतरातच बाहेर आले. मुलगा पॉपकॉर्न घेऊन मागे मागे. लोक म्हणतात जादूच्या पुस्तकाने तिला बिघडवलं. असेल. मला पटलं नाही.

मोगरा

अनामिका, बरं केलंत लिहिलंत.

सांजवेळ

ताई, काय लिहू. मिठी.

गोदाकाठ

ताई, माझे वडील 2021 च्या एप्रिलात. शेतातल्या खोलीवर त्यांची टोपी खुंटीला तशीच आहे. तुम्हाला जेव्हा जायचंय तेव्हा जा, घाई नाही.

मी_अनामिका

आभार सगळ्यांचे. चालू द्या, काळूला हसू द्या.

हडसनकाठी

इथे न्यू जर्सीत सकाळ झाली, आत्ता वाचतेय. अनामिका, तुमचं वाचून थांबले जरा.

आमच्या घरातलं 'मिस मार्व्हल' प्रकरण सांगते. 2022. कमला खान जर्सी सिटीची, म्हणजे आमच्या शेजारचीच पोर! घर पाकिस्तानी, आमचं ठाण्याचं, पण तिची अम्मी कपाटातून साड्यांच्या घड्या काढते तसं बोलते ते थेट माझी आई. लेकीने कॉमिक्स वाचलेली, ती पहिल्याच भागात खवळली. कॉमिक्समध्ये कमलाचे हातपाय ताणले जातात, मोठे होतात, कसेही वेडेवाकडे. मालिकेत तिला आजीकडची बांगडी आणि जांभळा प्रकाश. लेक म्हणाली, "तो बेढबपणाच तर महत्त्वाचा होता. चौदाव्या वर्षी शरीर आपलं ऐकत नाही, म्हणून ती ताकद होती. आता ती चकचकीत झाली." ती स्वतः तेव्हा चौदाचीच, आणि वर्गात सगळ्यात उंच. मी गप्प.

मला मात्र बांगडी भावली. ती कराचीला जाणारी गाडी, फाळणीची रात्र, हरवलेली पोर. आणि मुनीबा! पहिल्या भागात पोरीला कार्यक्रमाला जाऊ न देणारी आई, शेवटच्या भागात स्वतः तिला पोशाख आणून देते. सहा भागांत सगळ्यात जास्त कोण बदललं असेल तर ती. माझी लेक म्हणाली, आई, तू नोट्स घे.

तिखटमीठ

घेतल्या का?

हडसनकाठी

हॅलोविनला मीच शिवला तो ड्रेस. बाही चुकली.

निळीशाई

आयांवरून आठवलं, 'इन्व्हिन्सिबल'. सगळे त्या बापलेकाच्या मारामारीची मीम फिरवतात. मी डेबीसाठी बघते. नवरा नोलन जगाचा रक्षक म्हणून वीस वर्षं संसार केला आणि तो मुलाला सांगतो की ती मला पाळलेल्या जनावरासारखी आहे. दुसऱ्या सीझनला ती रोज उठून घरं विकायच्या कामाला जाते, वाइन जास्त होते, सुपरहिरोंच्या जोडीदारांच्या एका गटात जाऊन बसते. तिच्याकडे एकही शक्ती नाही. तरी लोक विचारतात नोलन कधी परत येणार, त्याला पश्चात्ताप झालाय बिचाऱ्याला. होऊ दे झाला तर.

वडापाव_एक्स्प्रेस

बेन टेन चालतं का? केविन लेव्हिन. जुन्यात किती खतरनाक, मग 2008 च्या एलियन फोर्समध्ये एकदम हिरवी गाडी, काळा टीशर्ट, ग्वेनच्या मागे. वर्गात अर्धे म्हणाले धोका देणार बघ. नाही दिला. मग अल्टिमेटमध्ये परत वेडा होतो, पण मित्रांना वाचवायला शक्ती ओढून घेतो म्हणून. मला तो बेनपेक्षा आवडायचा. बेन नंतर नंतर फार शायनिंग मारायला लागला राव.

कट्ट्यावरचा

ते हिरवं घड्याळ होतं का कोणाकडे? जत्रेतलं? माझ्यात फक्त लाल लाईट लागायचा.

वडापाव_एक्स्प्रेस

होतं ना. मनगटावर हिरवा डाग पडायचा त्याचा. आईला वाटलं नायटा

रात्रपाळी

ड्यूटीवर आलो, शांत आहे, म्हणून लिहितो. 'स्मॉलव्हिल', सुपरमॅन व्हायच्या आधीचा क्लार्क. 2001 ते 2011. मी केबलवर मधूनच कुठूनतरी बघायला लागलो आणि मग सगळं शोधून बघितलं.

त्यात लेक्स लुथर मित्र आहे. पहिल्याच भागात त्याची गाडी पुलावरून खाली जाते, क्लार्क त्याला वाचवतो. तिथून दोघांची दोस्ती. आपल्याला माहीत असतं हा पुढे कोण होणार, कॉमिक्सने आधीच सांगून ठेवलंय. तरी दर आठवड्याला वाटायचं, नाही होणार. या वेळी नाही. कारण बाप लायनेल तसा, हा मात्र बापासारखं व्हायचं नाही म्हणून धडपडतोय.

आणि क्लार्क त्याच्याशी खोटं बोलतो. रोज. तोंडावर. लेक्सला कळत असतं की हा खोटं बोलतोय. मग तो एक बंद खोली करतो, त्यात ती फुटलेली गाडी, क्लार्कचे फोटो, सगळा शोध. तिसऱ्या सीझनच्या शेवटी क्लार्क ती खोली बघतो आणि मैत्री संपल्यात जमा. सगळे म्हणाले, बघा, लेक्सने दगा दिला. मी म्हणतो, त्याने विचारलं होतं ना सरळ? कितीदा विचारलं होतं?

माझा एक मित्र होता, बारावीपासूनचा. मी त्याला काहीतरी विचारत राहिलो आणि तो "काही नाही रे" म्हणत राहिला. मग मी दुसरीकडून शोधलं. काय ते इथे लिहीत नाही. त्याच्या दृष्टीने मी खोली बांधली. पण म्हणून मला लेक्सवर राग धरता येत नाही.

लेक्सचं काम करणारा मायकेल रोझेनबॉम सातव्या सीझननंतर गेला, अगदी शेवटच्या भागाला परत आला. मधले तीन सीझन मी कामासारखे बघितले. क्लार्क सुपरमॅन झाला म्हणे. झाला असेल.

पेन्शनर

रात्रपाळी, हे चांगले लिहिले आहे. मित्राला फोन करा.

रात्रपाळी

बघू काका.

अर्धीभाकर

ही म्हणतेय लेक्सवाले आणि वॉर्डवाले एकाच पंक्तीतले, रात्रपाळींना जेवायला बोलाव.

बोरीबंदर

एक उलटं उदाहरण. 'द बॉईज'. माझा चुलतभाऊ, वय एकवीस, व्हॉट्सॲपला होमलँडरचा फोटो. म्हटलं बाळा, तो खलनायक आहे. म्हणे दादा, रुबाब बघ. 2022 च्या सीझनच्या शेवटी होमलँडर भर गर्दीत एका माणसाचं डोकं उडवतो, क्षणभर शांतता, आणि मग गर्दी जल्लोष करते. मी त्याला तो प्रसंग परत दाखवला. म्हटलं, हे गर्दीतले कोण आहेत सांग. म्हणाला, "दादा, ॲक्टिंग काय भारी केलीय ना त्याने." आता काय बोलणार. अँटनी स्टारची ॲक्टिंग भारी आहेच, वांधा तोच आहे.

खट्याळ_काळू

मी ए-ट्रेनवाला, त्याच मालिकेतला धावणारा सुपरहिरो. पहिल्याच भागात ह्यूईच्या मैत्रिणीच्या चिंधड्या करून थांबतही नाही आणि चौथ्या सीझनला तोच ह्यूईच्याच टोळीतल्या एमएमला उचलून दवाखान्यात पोचवतो. एक लहान पोरगं बघत असतं त्याच्याकडे. काही बोलत नाही, नुसतं हसतं. ए-ट्रेनचं तोंड बघा त्यावेळी. नागपूरला पूनम चेंबरपाशी ट्रॅफिकमध्ये फोनवर बघत होतो बे, मागून हॉर्न वर हॉर्न

निळीशाई

गाडी चालवताना??

खट्याळ_काळू

रिक्षात होतो ताई. मागे बसलेलो. आयरिसची शपथ.

कट्ट्यावरचा

गोदाकाठ, एक राहिलं. बॅटरी चार्ज कुठे करायचे मग? लाईटच नव्हती म्हणता.

गोदाकाठ

ट्रॅक्टर चालला की आपोआप होती भाऊ. म्हणून तर सोमवारी ढकलायचा. एकदा चालू झाला की आठवडाभर नांगरट, रविवारपर्यंत फुल्ल.

पेन्शनर

आमच्याकडे ॲम्बेसेडरची वापरत असू. 12 व्होल्टचा पोर्टेबल, ब्लॅक अँड व्हाईट.

कट्ट्यावरचा

काका, काय बघत होता त्यावर?

पेन्शनर

बातम्या.

तिखटमीठ

काकाऽऽऽ

पेन्शनर

बरे. शक्तिमान. नातवासाठी.